भागूबाईंची जपानी वैरीण

शहरात टीव्ही सेंटरच्या मागच्या गल्लीत भागूबाईंची मेस आहे. एकवीस वर्षं त्या तिथं पोळ्या लाटतायत. आम्ही बारा-तेरा मुली, कुणी नर्सिंगच्या, कुणी स्पर्धा परीक्षेच्या, दोन्ही वेळा तिथंच जेवायचो. भागूबाई मूळच्या पिशोर गावच्या. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या. एखाद्याबद्दल त्यांचं मत एकदा ठरलं की ठरलं.

सगळ्यात वाईट मत होतं थोरल्या जावेबद्दल, दगडाबाईबद्दल. चौदा वर्षांपूर्वी एका साखरपुड्यात दगडाबाई भर पंगतीत म्हणाली होती, "भागूची पुरणपोळी सायकलच्या ट्यूबला लावा, पंक्चर निघंल." पंगत खो खो हसली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

गेल्या वर्षी आमच्यातल्या सायलीनं मेसच्या टीव्हीवर एक जपानी ॲनिमे मालिका लावली, हिंदीत बोलणारी. दोन बेटं, मध्ये समुद्र. पलीकडची माणसं राक्षस आहेत, असं दोन्हीकडं लेकरांना शिकवतात. पलीकडची एक सरदारीण पहिल्याच भागात अलीकडचं गाव जाळून टाकते.

"घोडीएवढ्या झाल्या अन् कार्टून बघता व्हय?" म्हणत भागूबाई दारात उभ्या राहिल्या. तिसरा भाग संपला तरी उभ्याच. चौथ्या भागाला पोळपाट बाहेर आला.

सरदारीण दिसली की त्यांचं तोंड सुटायचं. "सटवे, तुझं वाटोळं होवो. बघा, नाक कसं उडवती. हुबेहूब आमची दगडाबाई." शिव्या देताना हात असा चालायचा की पोळ्या पापडासारख्या पातळ यायच्या. सरदारणीच्या भागाला आम्ही दोन पोळ्या जास्त खायचो.

चौदाव्या भागात मात्र घोळ झाला. त्यात सरदारणीचं लहानपण होतं. सात वर्षांची पोर, जळून गेलेल्या घरात विझलेल्या चुलीपाशी बसून पातेल्याला चिकटलेला भात नखानं खरवडून खात होती. भागूबाईंचं लाटणं थांबलं.

"सायले, थांबव ते. ही तीच का?"

"तीच, मावशी."

"अन् हिचं घर जाळलं ते आपल्या इकडच्यांनी?"

"हो."

तव्यावरची पोळी करपली.

"म्हंजे आता हिला शिव्या द्यायच्या कशा?" त्या खरोखर चिडल्या होत्या.

दीपमाला आमच्यात अभ्यासू. ती म्हणाली, "मावशी, पण तिनं गाव जाळलं ते चूकच ना."

"चूकच. भोगंल ती त्याची शिक्षा. पण मला तिचा राग येईना, त्याचं काय करू?"

त्या दिवशी पोळ्या जाड आल्या.

पुढच्या महिन्यात पिशोरला दगडाबाईच्या नातीचं बारसं होतं. भागूबाई नवं लुगडं नेसून गेल्या, ते फक्त दगडाबाईला दिसावं म्हणून. बोलायचं नाही हे एसटीत बसतानाच ठरलेलं. पुढं काय झालं ते त्यांनीच परत आल्यावर सांगितलं.

जेवणं उरकली. भागूबाई हात धुवायला घरामागं गेल्या, तर तिथं दगडाबाई एकटीच पातेलं मांडीवर घेऊन बसलेली. सकाळपासून वाढत होती, तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. तळाचा करपलेला भात खरवडून खात होती.

"मला ती जपानी पोरच दिसली गं," भागूबाई म्हणाल्या. "फकस्त डोक्यावर पदर."

त्यांनी वाटेसाठी बांधून नेलेली पोळी पिशवीतून काढली आणि पुढं धरली. दगडाबाईनं ती घेतली, बराच वेळ चावली.

"अजून कडकच करती तू."

"कालची हाय."

"तव्हाबी कालचीच व्हती का?"

"नाय. तव्हा खरंच बिघडली व्हती. पण चारचौघांत कशाला म्हणायचं?"

दगडाबाईनं पातेलं खाली ठेवलं. "सासरच्या घरात माजं बोलणं कोण ऐकत व्हतं? त्या दिवशी पंगत हसली, तर मला लई बरं वाटलं. मागून वाईट वाटलं. पण तू बोलायचीच बंद झाली."

दोघींनी ती पोळी अर्धी अर्धी संपवली.

"मग मिटलं म्हणायचं," सायली म्हणाली.

"मिटतंय कशाचं? एसटीत बसेपर्यंत तीन टोमणे मारले तिनं."

तरी दर रविवारी फोन सुरू झाला. फाल्गुनात दगडाबाई डोळ्याच्या ऑपरेशनला शहरात आली आणि आठ दिवस मेसमध्येच राहिली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं मालिका. आम्ही तिला सुरुवातीपासून सगळं समजावून सांगितलं. चौदावा भाग संपल्यावर ती म्हणाली, "हिची माय कुठं गेली?"

कुणालाच माहीत नव्हतं. मालिकेत ते सांगितलंच नव्हतं आणि आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मेली असंल आगीत," भागूबाई म्हणाल्या.

"लगेच मारू नको तिला. भात शिजवून कुठंतरी गेली असंल. नायतर पातेल्यात भात आला कुठून?"

यावर दोघी जावांचं असं जुंपलं की त्या दिवशी आम्हाला जेवायला पावणेदोन वाजले.