भरीत, भाकरी आणि माझा जबडा
वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजायला लागली की त्या धुरकट वासानं माझ्या जबड्यात आधी कळ येते, भूक मग लागते. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात धुळ्याजवळच्या शेतात सासरचे सगळे भरीत खायला जमले होते. जबड्याचा सांधा ठणकत होता, म्हणून मी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी बाजूला सारून नुसतं भरीत खात होते. सासूबाईंनी कारण विचारलं, तर नवऱ्यानंच हसत सांगून टाकलं, "झोपेत दात खाते ना ती, करकर!" झालं! आत्यासासूंनी तिथेच निकाल दिला, "रातले दात खास म्हंजे मनमा राग शे. कोणवर शे, सांगी टाक!" ही नुसती झोपेतली सवय आहे असं मला डॉक्टरांनी सांगितलंय, ते कोणी ऐकूनच घेईना. सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, कोणावरच नाही," म्हणायला मी तोंड उघडलं, तर मेला जबडा कट्कन अर्ध्यावरच अडकला. माझं गप्प राहणं कबुलीच ठरलं. सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या. नवऱ्यानं मात्र माझी उरलेली भाकरी स्वतःकडे ओढली आणि विचारलं, "अजून भरीत आहे का?" तोपर्यंत माझा खरंच कोणावरही राग नव्हता. त्या क्षणापासून आहे, तो आजतागायत.