चौचाकीचा चिमटा

देवाने माणसाला कान दिले ते धातू वाजवून बघायला, असं मनापासून मानणारा माणूस सबंध मराठवाड्यात एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. उदगीर स्टेशनजवळ दाजींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार पत्रे आणि एक लेथ. सकाळी शिवपूजा आटोपली की एक छोटी हातोडी त्यांच्या हातात यायची, ती निजेपर्यंत सुटत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप्याची बादली वाजवून बघायचे आणि "बूड कच्चं हाय हिचं, वरण सांभाळा" म्हणून अख्ख्या पंगतीचा जीव टांगणीला लावायचे. अक्काला बघायला आले तेव्हा आधी त्यांनी आमचा पितळी तांब्या वाजवून पाहिला होता. मुलीकडे नंतर पाहिलं, असं आई शेवटपर्यंत सांगायची.

कागदावर नकाशा काढणं त्यांना जमत नसे असं नाही, पटत नसे. कुठलीही वस्तू आधी ज्वारीच्या चिपाडाची करायची, लहान मुलं बैलगाडी करतात तशी, आणि मग लोखंडाला हात घालायचा. दुष्काळात कडबा सोन्याच्या मोलाचा झाला, तेव्हा ते शेजारच्या म्हशीपुढचं एखादं धाट मागून आणत. "म्हशीला इचारून आणलं," असं वर अक्काला सांगत.

त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला होता आणि मला नव्या कचेरीत जनावरांच्या छावण्या तपासायची नोकरी लागली. माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. काम सगळं फिरतीचं. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. फिरती जमली नाही तर जागा दुसऱ्याला मिळणार होती. हे मी फक्त अक्काला सांगितलं. चार दिवसांत दाजींनी एक मोडकी मोटारसायकल पैदा केली आणि तिला चार चाकं लावली. ब्रेक, गिअर, सगळं हाताशी. रस्त्यावर गाडी झकास पळाली, पण पहिल्याच फेरीत कोरड्या नदीच्या वाळूत तिचा मागचा भाग रुतला. तो अस्सल लोखंडी भार मला एकट्याला इंचभरही हलवता येईना. बैलगाडी येईपर्यंत मी तिथेच उन्हात बसून होतो, आणि नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

दाजींनी ऐकून घेतलं आणि हातोडीने मागचा चिमटा वाजवला. मागची चाकं ज्या दांड्यांत धरलेली असतात, खड्ड्यात ज्यांच्यावर ती वरखाली होतात, त्या जोडीला मेकॅनिक मंडळी चिमटा म्हणतात. "ह्यो जड हाय. ॲल्युमिनिअमचा करू," ते म्हणाले. ॲल्युमिनिअम म्हणजे आम्हाला जर्मनची पातेली ठाऊक. पण ते नांदेडच्या भंगारातून बोटभर जाड पट्ट्या वाजवून वाजवून निवडून घेऊन आले. गॅसने जोडायला गेले तर पहिला चिमटा वितळून भुईवर सांडला. "लोखंड लाल व्हऊन सांगतं तरी," दाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "हे काय सांगतच न्हाई. तुमच्यावानी हाय, पाव्हणं." मग जोडकामाचा नाद सोडून त्यांनी नव्या पट्ट्या वाकवल्या आणि रिबिटांनी पक्क्या बसवल्या.

मुदतीला दोन दिवस उरले असताना चिमटा तयार झाला. बघतो तर डावा दांडा उजव्याहून उघड उघड जाड. माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "दाजी, माप चुकवलंत! माझी नोकरी घालवता की काय?" दाजी चिडले नाहीत. "माप गाडीचं न्हाई, तुमचं हाय. लग्नापासून बघायलोय, तुमी डाव्या अंगावर बसता. वजन सारं तिकडंच पडतंय."

मी कसा बसतो हे कुणाच्या लक्षात येत नाही, असं मी जन्मभर समजत आलो होतो. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाळूत रुतलेली गाडी मी एकट्याने मागून उचलून बाहेर काढली. त्या चिमट्यावर मी पुढे अकरा वर्षं जिल्हा फिरलो, घर बांधलं, मुलं शिकवली.

गाडी केव्हाच भंगारात गेली, चिमटा मी ठेवला. गेल्या वर्षी तो उदगीरला नेऊन दाजींच्या मांडीवर ठेवला. लेथच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेलेत. त्यांनी हातोडीने दांडा वाजवला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"वाजतंय का?"

"लई खणखणीत, दाजी!" मी मोठ्याने ओरडलो.

त्यांचा विश्वास बसला नाही. "डावीकडचा ऐका नीट," म्हणाले, आणि मी वाकून कान लावेपर्यंत हातोडी उचलून थांबून राहिले.