अक्कांची रॅकेट आणि आमची मादी

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, डास मारायचा भारी सोस. दिवेलागण झाली की विजेची रॅकेट घेऊन त्या ओट्यावर बसणारच. लग्नाच्या वर्षी हिवतापाने त्यांना लोळवलं होतं, तो राग अजून उतरलेला नाही. अशा घरात मी सून म्हणून आले, आणि शिरपूरच्या कॉलेजात माझं संशोधन कशावर? डासांवर! आली का पंचाईत.

तशी डासालाही हिवतापाची ब्याद नकोच असते. काही माद्या पोटात शिरलेल्या जंतूभोवती काळं कवच चढवतात आणि त्याला मारून टाकतात, मग त्या चावल्या तरी हिवताप पसरत नाही. अशा माद्या हुडकायला मी जंतू वापरत नाही, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक मणी सुईने त्यांच्या अंगात सोडते. दुसऱ्या दिवशी मणी काळा झाला की ती मादी कामाची, मग तिचीच अंडी वाढवायची. दोन वर्षं खपून मी असा एक वंश जमवला होता. अक्कांना म्हटलं, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच हे.

"वांगं खाता तरी येस," अक्का म्हणाल्या.

मे महिन्यात प्रयोगशाळेतला एसी बंद पडला आणि दुरुस्तीवाला काही येईना. त्या उकाड्यात माझे डास टिकणं शक्यच नव्हतं. जाळीचा पिंजरा मांडीवर घेऊन मी रिक्षाने घरी आले आणि तो कूलरसमोर ठेवला.

"लोके म्हशी पाळतस, आमनी सून डास पाळस!" अक्कांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेच्या ड्यूटीवर असताना दुपारी लाइट गेली. माझा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी घरी आले तर कूलर बंद आणि पिंजरा जागेवर नाही. मी घरभर शोधत सुटले. तेवढ्यात अक्का दिसल्या. माठाशेजारी बसून त्या पिंजऱ्यावर पाणी शिंपडत होत्या, पिंजऱ्याला त्यांचं जुनं सुती लुगडं ओलं करून गुंडाळलेलं.

"बठ्ठा मरी गयात व माय," त्या म्हणाल्या. तोंड एवढंसं झालं होतं.

अगदी सगळे गेले नव्हते. चार-पाच हलत होते, पण अंड्यांवर आलेली मादी एकच उरली होती. ती गेली असती तर माझी दोन वर्षं पाण्यात. साखरपाण्याचा बोळा ठेवायला मी पिंजऱ्यात हात घातला, आणि घाईत तीच माझ्या मनगटावरून सटकली. थेट समोरच्या भिंतीवर जाऊन बसली.

सवयीने अक्कांचा हात रॅकेटवर गेला. त्या उठल्या, रॅकेट उगारली. रॅकेट भिंतीजवळ जाऊन थांबली आणि मान न वळवता अक्कांनी हळूच विचारलं, "हाई आपली शे का बाहेरनी?"

"आपली, आपली!"

रॅकेट खाटेवर टाकून त्यांनी स्टीलचा पेला उचलला आणि अलगद तिच्यावर पालथा धरला. मी खालून पुठ्ठा सरकवला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

दोन-तीन दिवसांत तिने वाटीतल्या पाण्यात अंडी घातली. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता. पुढे एसी सुरू झाला, पिंजरा कॉलेजात परत गेला. अक्कांची रॅकेट मात्र रोज चालते. फक्त भिंतीवर डास दिसला की आधी मला हाक येते, "देख व, आपली नही ना?"