चिमाजीच्या एक्सलचा सूर

वारूळवाडीच्या रत्नदीप मिस्त्रीसमोर गाडी आली की तो आधी बॉनेट उघडत नाही, कान लावतो. त्याच्या गॅरेजात रेडिओ लावायची कुणाची टाप नाही. बायको यशोधरा चिडवते, "गाडीचं खोकणं लगेच ऐकू येतं, मी हाक मारली की मात्र बहिरे!" ह्या कानांचा त्याला भारी अभिमान. गेल्या साली त्यांनीच त्याची झोप उडवली.

पिंपरी पेंढारच्या सयाजीनं आजोबांची जुनी अँबॅसडर टेम्पोवर घालून आणली. मागच्या चाकांचा एक्सल पार गेलेला, आणि तसला दुसरा मिळायची आशाच सोडायची. "मिस्त्री, काय बी बसवा," सयाजी म्हणाला, "पण आईला ह्याच गाडीतनं भीमाशंकरला न्यायचंय." रत्नदीपनं भंगारातून एका जीपचा एक्सल उचलला. आता दुसऱ्या गाडीचा एक्सल म्हणजे दुसऱ्याच्या पायातला जोडा, कुठं ना कुठं चावणारच. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड केल्या, ब्रेकच्या ड्रमला नवी भोकं पाडली, इंजिनाची ताकद मागं नेणारा जॉइंट शाफ्ट कापून आखूड केला. सपाटीला गाडी झकास पळाली.

पण चढाला चालवल्याशिवाय गाडी परत करायची नाही, हा त्याचा नेम. डिंभ्याच्या पुढं भीमाशंकरचा चढ लागला, त्यानं थर्ड गिअर टाकला, आणि मागच्या सीटखालून एक बारीक, रडका सूर निघाला. चढत गेला, मध्येच घोगरा झाला, पुन्हा चढला. रत्नदीपच्या अंगावर सर्रकन काटा आला. अहो, हा सूर त्यानं वर्षानुवर्षं ऐकला होता. ही चिमाजीची जीप!

चिमाजी त्याचा जिवाभावाचा दोस्त. घोडेगाव ते भीमाशंकर पॅसेंजर भरून वडापची जीप चालवायचा. एक्सलच्या आतली दातेरी चाकांची जोडी घासली होती, तिचा तो सूर. रत्नदीप दर खेपेला म्हणायचा, "बदलू या की राव!" चिमाजी हसायचा. "ऱ्हाऊ दे. बायको वळणापासनं ऐकती, अन् तवा ठेवती. मी दारात, भाकरी ताटात." दोन वर्षांमागं त्याच चढावर चिमाजीच्या छातीत कळ आली. त्यानं जीप कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं ते ठेवलंच. पॅसेंजरांना खरचटलंसुद्धा नाही. पुढं मुलानं जीप भंगारात घातली.

आता पुढच्याच वळणावर चिमाजीचं घर, घरात त्याची बायको कोंडाबाई. हा सूर ऐकून ती माउली पुन्हा तवा ठेवणार, दाराशी धावणार, आणि बघणार तर परकी पांढरी मोटार. रत्नदीपला ते सोसवेना. वळणाच्या अलीकडंच त्यानं गाडी फिरवली, वारूळवाडीला आणली, एक्सल उघडला आणि दातेरी चाकांची नवी जोडी बसवली. जुनी काही फेकवेना. गोणपाटात गुंडाळून डिकीत टाकली. म्हटलं, वहिनीच्या हातात देऊ, तिची वस्तू आहे.

पुन्हा चढाला गेला तेव्हा दिवस कलला होता. गाडी चिडीचूप चढली. कोंडाबाईच्या अंगणात त्यानं इंजिन बंद केलं. दाराशी भरलेल्या पिशव्या होत्या, आणि चाकणहून मुलगा गोरख आला होता.

"काका, आईला घेऊन चाललोय," गोरख म्हणाला. "डोक्याच्या डॉक्टरला दाखवतो. दोन वर्षं झाली, रोज सांजच्याला हिला जीप ऐकू येती, रोज दादांची भाकरी टाकती. मी शेजारी बसून बघितलं, काय बी ऐकू येत न्हाई."

"मी न्हाई यायची," चुलीपुढून कोंडाबाई म्हणाली. "ते आले अन् दाराला कुलूप दिसलं तर? भावजी, तुमी सांगा ह्याला."

काय सांगणार, कपाळ! रत्नदीपच्या घरात भुताखेताला कधी थारा नव्हता, बापानं तसं वाढवलंच नव्हतं. समजुतीचे चार शब्द बोलायला तो चुलीपाशी बसला, तोंड उघडलं, आणि खालच्या अंगाला सूर उमटला.

बारीक. रडका. वळण घेताना दबलेला. त्यानं झटकन अंगणात बघितलं. अँबॅसडर उभी होती, डिकी बंद होती. गोरख मोबाइलमध्ये बघत होता, त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कोंडाबाई मात्र रत्नदीपच्या तोंडाकडं टक लावून बसली होती. भ्यायला हवं होतं, पण दोस्त येत होता त्याचा.

"काका, खरं सांगा," गोरख म्हणाला, "हाय का आवाज?"

हो म्हटलं तर लोक आपल्यालाही वेड्यात काढणार. नाही म्हटलं तर बाई आजच घराबाहेर.

"वळण सुटलं," रत्नदीप म्हणाला. "आता थर्ड टाकला त्यानं."

गोरखनं मोबाइल खिशात घातला. कोंडाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, इतके दिवस ती एकटीच ऐकत होती. तशीच पदरानं डोळे पुसत तिनं भाकरी तव्यावर टाकली. सूर अंगणापर्यंत आला, थांबला, आणि हँडब्रेक ओढल्याची करकर झाली.

"हातपाय धुवा," कोंडाबाई म्हणाली, "भाकरी व्हतीया."

रत्नदीप उठायला लागला. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती.