अंगठ्यांचं रजिस्टर

आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावच्या ग्रामपंचायतीचा हा शिपाई. खिशात कायम शाईचा पॅड आणि चिंधी. कुणाचा अंगठा घेतला की त्याचं बोट हा स्वतः पुसून देतो. मी दिसले की हमखास विचारतो, "काय कलेक्टरीनबाई, कुठवर आलं शिक्षन?"

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आता लोकप्रशासनात एम.ए. करतेय, आणि ग्रामसभेतल्या बायकांच्या सहभागावर माझा प्रबंध आहे. ग्रामसभेच्या हजेरीचं रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं बायकांच्या अंगठ्यांनी भरलेली. मी खूश होऊन म्हणाले, "काका, आपल्याकडं बायका लई येतात की सभेला!"

तो चिंधीची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "बाया कवा आल्या? रजिस्टर त्यांच्या दारात गेल्तं. मीच नेलं."

"हे प्रबंधात आलं तर तुमची नोकरी जाईल, काका."

त्यानं पान उलटून एका अंगठ्यावर बोट ठेवलं. शेजारी माझ्या आईचं नाव होतं. आईनं ग्रामसभा कधी पाहिलेली नाही.

"लिव्ह तू," तो म्हणाला. "पन फुडच्या सभेला आईला घिऊन ये. अंगठा तिथंच घेतो."