पहिल्या ओळीचा जीवाणू

चूक माझीच होती, आणि ती अज्ञानातून झाली नव्हती. मला सगळं ठाऊक होतं. आळसापायी मी ठाऊक नसल्यासारखा वागलो.

माझ्या विद्यार्थिनीनं रायपूरजवळच्या एका राइस मिलमधल्या कोंड्यातल्या मेलेल्या अळ्यांमधून एक जीवाणू वेगळा केला होता. तिच्या मते तो अळ्या मारणारा थुरिंजिएन्सिस होता. तिचा अर्धा प्रबंध त्याच्यावर उभा होता. ओळख पटवायला आम्ही त्याच्या एका जनुकाचा क्रम वाचून घेतला आणि डेटाबेसशी जुळवला. यादीत पहिलं नाव आलं सेरियस. थुरिंजिएन्सिसचाच भाऊबंद, पण अन्नातून विषबाधा करणारा.

आमच्या विभागात जीवाणू ओळखायची रीत एवढीच: यादीची पहिली ओळ वाचायची, सही ठोकायची, चहा मागवायचा. सूक्ष्मदर्शकावरचं झाकण काढायचे कष्ट कोण घेतो! या दोन जातींमध्ये तो जनुक जवळजवळ सारखाच असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. लिहितो आणि पुसून टाकतो.

आढावा समितीसमोर ती म्हणाली, "सर, खालच्या ओळीतल्या थुरिंजिएन्सिसलेही जुळणीचे तेवढेच गुण आहेत. अन् मले बीजाणूशेजारी स्फटिक दिसून राहिले नं."

"स्फटिक? चष्मा पुसला होता का, मॅडम?"

समितीतले दोघे हसले. एकानं जोडलं, "दीदी, कंप्यूटर झूठ बोलेगा क्या?"

त्या हशानं मी फुशारलो. प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाक म्हणालो. विषबाधेचा जंतू फ्रीजमध्ये नको म्हणून तिच्या जीवाणूच्या सगळ्या नळ्या वाफेनं जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घालायला लावल्या. दोन वर्षांचं काम वीस मिनिटांत शिजलं.

तिच्या रंगवलेल्या काचपट्ट्यांचा डबा तेवढा माझ्या टेबलावर राहिला. त्यावर मी तीन आठवडे चहाचा कप ठेवत होतो. मग नव्या वर्गाला दाखवायला काहीतरी हवं म्हणून त्यातली एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लंबगोल बीजाणू, आणि शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराचा स्वच्छ स्फटिक. असा स्फटिक थुरिंजिएन्सिस बनवतो, सेरियस नाही. दुसरी पट्टी पाहिली, तिसरी पाहिली. तेच.

तिला केबिनमध्ये बोलावून म्हणालो, "चुकलं माझं."

"इथं काहून सांगता सर? हसले ते तर तिकडं होते." ती बसलीसुद्धा नाही. "तिथंच बोला. अन् मले मुदतवाढ द्या, पुन्हा मिलमध्ये जाऊन कोंडा आणा लागते."

मुदतवाढीचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. दुसरं काम मात्र मी पुढच्या बैठकीपर्यंत टाळलं. तिथंही आधी विषयपत्रिका संपू दिली. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. लोक फायली आवरू लागले तेव्हा उभा राहिलो.

"हिनं स्फटिक पाहिले होते. मी पाहायचे कष्टही घेतले नाहीत. त्या एका जनुकावरून या दोन जाती वेगळ्या करता येत नाहीत, हे माहीत असून मी हिची थट्टा केली आणि हिचं काम नष्ट करायला लावलं." मग तिच्याकडे वळलो. "मी सर्वांसमोर तुझी माफी मागतो."