मबरूका सुईणीची गाडी आणि काचेवरचा काटा

खमेस मेकॅनिक मबरूका सुईणीला घेऊन डोंगरात पळाला, ही बातमी आमच्या मेदनीनच्या बाजारात दुपारच्या नमाजाआधीच पसरली होती. बातमी खोटी. एकतर गाडी मबरूकाची होती आणि तीच चालवत होती. दुसरं म्हणजे मागच्या सीटवर मी होतो. पळून जाताना शेजाऱ्याला कोणी बरोबर घेत नाही, त्यातून माझ्यासारख्या तोंडाळाला तर नाहीच.

खमेस मुळातच धास्तावलेला माणूस. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघतो. त्यात त्याची लेक रीम सासरी, वर डोंगरातल्या बेनी खदाशला, दिवस भरलेली. तिला मबरूकाशिवाय दुसरीचा हात नको, आणि मबरूकाची गाडी त्याच चढावर आठवड्यात दोनदा बंद पडलेली.

सकाळी त्याने पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं घड्याळ जोडलं. काटा तीनवर, ढिम्म.

"बघ उस्ता, ठणठणीत आहे!" मबरूका म्हणाली.

"उभी गाडी सगळ्यांचीच ठणठणीत असते, लल्ला. चढाला लावल्यावर कळेल." आमच्याकडे कारागिराला मानाने उस्ता म्हणतात, बाईला लल्ला.

त्याने लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि घड्याळ आतून दिसेल असं काचेवर, वायपरखाली बांधलं. मला मागे बसवलं, कारण म्हणे चढाला वजन हवं. माझ्या पोटाचा असा उपयोग आजवर कोणाला सुचला नव्हता.

निम्मा चढ झाला आणि जावयाचा फोन आला. रीमला कळा सुरू झाल्या होत्या. मागे फिरून दुसरी गाडी शोधायची तर तासभर जाणार.

"पुढेच चल," तो म्हणाला.

तिसऱ्या वळणावर काटा घसरला. अडीच, दोन, दीड. गाडी उचक्या देऊ लागली.

"पाय काढ! लल्ला, पाय काढ!"

"पाय काढला तर चढेल कशी?"

"हळू चढेल. नाही काढलास तर चढणारच नाही!"

तिने पाय सैल केला. काटा सरकत सरकत अडीचवर आला. मग खमेस काचेला नाक लावून बसला. "दे... अजून थोडं... बास! थांब... आता दे."

"मी माझ्या बाळंतिणींना असंच सांगते," मबरूका पुटपुटली.

शेजारून शेळ्यांचा कळप पुढे निघून गेला. मी म्हटलं, "खमेस, निरोप असेल तर शेळ्यांजवळ दे, त्या आधी पोचतील." त्याने काचेवरचं नाकही हलवलं नाही.

शेवटच्या वळणाला गाडी बंदच पडली. मी उतरून चाकामागे दगड लावला. फोन वाजत होता, उचलायला कोणाचा हात होईना. खमेस दुआ म्हणत होता, पण नजर काट्यावर. पाच मिनिटांनी मबरूकाने चावी फिरवली. काटा तीन!

पोचताच मबरूका आत धावली. खमेस मात्र अंगणातच मागची सीट उचलून टाकी उघडत बसला. मी म्हटलं, "अरे, दारापाशी तरी जाऊन बस!"

"आणि रीमला खाली दवाखान्यात न्यावं लागलं तर? या गाडीतून?"

त्याने पंप बाहेर काढला. पंपाच्या तोंडाच्या जाळीवर पांढऱ्या धाग्यांचा लगदा बसला होता. चढावर पंप जोरात ओढू लागला की तो जाळी गच्च बंद करायचा, थांबलं की सुटायचा. रस्त्यावर कॅनमधून मिळणारं सीमेपलीकडून चोरून आणलेलं पेट्रोल आमच्याकडे सगळेच फडक्यातून गाळून भरतात. हे धागे मात्र साध्या फडक्याचे नव्हते. खमेस लगदा चिमटीत धरून बघत असतानाच आतून बाळाचा टाहो ऐकू आला. बराच वेळ गेला. मग मबरूका हात पुसत बाहेर आली.

"मुलगी झाली, उस्ता. दोघी छान आहेत. आणि ते काय धरलंयस? माझ्या पट्टीचं कापड! उकळून, वाळवून ठेवते मी. बाळांच्या नाभीला चालतं, त्यातून गाळलं तर पेट्रोलला काय धाड भरली?"

खमेसने डोळे पुसले आणि तो म्हणाला, "लल्ला, पुन्हा टाकीला हात लावलास, तर उद्यापासून बाळंतपणं मी करतो."